पूरमुक्त प्रभाग

बागेच्या फाटकातच नगरसेवक कुदळेभाऊंचा पारा चढला. तासाभरात उद्घाटन, आणि घसरगुंडी थेट गुडघाभर पाण्यात उतरलेली!

"भाऊ, रस्त्यांवरचं पाणी इथे साठावं म्हणूनच बाग खोलगट केलीय," आराखडा काढणारी मृण्मयी म्हणाली. "हळूहळू मुरेल."

"माझ्या फोटोत डबकं? पंप लावा रे!"

सगळं पाणी मागच्या गल्लीत सोडलं आणि बाग कोरडीठाक झाली. भाऊंनी फीत कापली, छाती फुगवून माइकवर प्रभाग पूरमुक्त झाल्याची घोषणा ठोकली. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. बायको किंचाळत होती, "अहो, घरात पाणी शिरलंय! गल्लीकडच्या दाराला तुमच्या सत्काराच्या शाली कोंबतेय, तरी थांबेना!"

माइकवर हात ठेवून भाऊ मृण्मयीच्या कानाशी पुटपुटले, "मॅडम, तो पंप उलटा चालतो का हो?"