प्लायवूडचं विमान

अकोला-अकोट एसटीचे ड्रायव्हर देवमनजी यांनी दिवाळीची सगळी रजा खर्चून अंगणात प्लायवूडची विमानाची केबिन उभी केली. मासिकातल्या चित्रात होते तसे तबकड्यांवरचे काटे रंगवले, दांडा बसवला. सांगाड्यासाठी घरातला एकुलता एक पलंग मोडला, तेव्हापासून बायको मैनाबाईंनी त्यांच्याशी अबोला धरला होता.

उड्डाणाच्या दिवशी सारी गल्ली जमली. देवमनजी टोपी घालून आत बसले, दांडा धरला, नजर समोर लावली आणि तसेच बसून राहिले.

“काहून उडून नाही राह्यलं जी?” शेजारच्या नत्थुजींनी विचारलं. लोक तोंड दाबून हसायला लागले.

“कंडक्टरच्या डबल घंटीबिना गाडी हालवाची सवयच नाही ना मले,” देवमनजी हळूच म्हणाले.

अंगणातल्या चुलीपाशी बसलेल्या मैनाबाई उठल्या. पदर खोचून केबिनमध्ये नवऱ्याच्या मागे जाऊन बसल्या आणि हातातल्या तांब्यावर पळीने दोन टोले दिले.

 

“घ्या, झाली घंटी. पयले माह्या माहेरी चाला, अचलपूरले.”