गाडी तपनी

हेमकांतची जुनी जीप धडगावच्या घाटातल्या शेवटच्या वळणावर हमखास तापायची. मग तिथं एकटीच राहणारी गजरामावशी पाण्याची कळशी घेऊन धावायची आणि इंजिन निवेपर्यंत उतारूंशी पोटभर बोलून घ्यायची. कंटाळलेले उतारू दुसऱ्या गाड्यांत बसू लागले, तेव्हा हेमकांतनं विसरवाडीच्या गॅरेजात भंगारातल्या पिकअपचा टर्बो आणि मोठा रेडिएटर बसवून घेतला. आज जीप एका दमात वळण चढून गेली. उतारूंनी टाळ्या वाजवल्या. आरशात मात्र त्याला भरली कळशी घेऊन रस्त्यात उभी राहिलेली मावशी दिसली. त्यानं करकचून ब्रेक दाबला आणि जीप मागे घेतली. "गाडी तपनी व, मावशी," तो दार उघडत म्हणाला. उतारू कुरकुरत उतरले. मावशीनं बॉनेटवर हात ठेवला, हसली आणि कळशी त्याच्यापुढेच धरली. "हाई ते गार शे, भाऊ. पानी तूच पी."