चाळिसावी ओढ

चाळीस ओढी झाल्या आणि भावोजींनी आवंढा गिळला. कालही चाळिशीच्या आसपासच गिळला होता.

वखारीच्या मधोमध ओंडका आडवा पडला होता. यंत्राच्या पात्याखाली न मावणारी लाकडं या दोघांच्या वाट्याला येत. एका बाजूला मेव्हणा, दुसऱ्या बाजूला त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा आणि मध्ये दोन मुठींची, माणसाहून लांब करवत. या करवतीचा कायदा एकच. आपली पाळी आली की ओढायचं, जोडीदाराची आली की हात सैल सोडायचा. ढकलायचं नाही. ढकललं की पातं वाकतं, आणि जोडीदाराचा अपमान होतो तो वेगळाच.

अकरा वर्षं अशी करवत ओढली की समोरच्या माणसाचं सगळं हाताला कळतं. झोप झाली नाही, घरात वाजलं, गुडघा दुखतोय. भावोजींचं तोंड खुशाल थापा मारायचं, मूठ मात्र कधी मारत नसे. म्हणून तर मेव्हण्याला नवल वाटत होतं. पहिल्या तीस ओढी रेड्याच्या जोराच्या. मग मूठ हळूहळू मऊ पडायची, आवंढा गिळला जायचा आणि भावोजींचा हात गळ्याशी जायचा.

"थांब जरा," भावोजी म्हणाले. "पित्त उसळलंय. छातीतून पार जबड्यापर्यंत जाळ येतो बघ. तुझ्या बहिणीच्या हातचं खाऊन दुसरं काय होणार?"

"तिच्या हातचं मी लहानपणापासून खातोय. मला नाही झालं काही."

"तुला चव कुठे कळते!"

खिसा चाचपून ते गोळ्यांची पुडी शोधू लागले. ताई रोज सकाळी आठवणीने पित्ताच्या गोळ्या त्यांच्या खिशात घालायची. आज पुडी सापडेना. सापडणार कशी? ती मेव्हण्याने मघाशीच गुपचूप आपल्या खिशात टाकली होती.

भावोजी ओंडक्यावर टेकले. मेव्हणा करवतीचे दात पुसायचं निमित्त करून त्यांच्याकडे बघत राहिला. तीन-चार मिनिटं गेली. गळ्यावरचा हात खाली आला.

"गेलं?"

"गेलं."

गोळी न खाता गेलं. मेव्हण्याच्या डोक्यातला किडा आणखी वळवळला. तीन दिवस तो हेच बघत होता. सोमवारी त्याने आधी डबा खायला लावला आणि मग करवत धरली. मंगळवारी आधी ओंडका, मग डबा. काल जेवण झाल्या झाल्या भावोजींना भुशाच्या पोत्यांवर आडवं केलं. त्याच्या आईला पित्ताचा त्रास होता, आडवं पडलं की तिला घशाशी यायचं, हे त्याने पाहिलेलं होतं. भावोजी मात्र मजेत घोरले. उठले, करवत धरली, आणि चाळिशीला आवंढा.

"चल, ऊठ," भावोजी म्हणाले. खरं तर उठायचं त्यांनाच होतं.

करवत पुन्हा चालू झाली. भुसा दोन्ही बाजूंना पडू लागला. पस्तीस झाल्या, अडतीस झाल्या. समोरची मूठ मऊ पडू लागली तसा मेव्हण्याच्या मनगटाला आज जरा जास्तच जोर आला. पातं लाकडात कण्हलं आणि मध्येच वाकलं.

भावोजींनी करवत थांबवली.

"ढकललंस?"

"नाही हो."

"मला शिकवतोस? हे पातं माझ्याकडे वाकलं. कधीपासून ढकलतोयस?"

मेव्हण्याने मान खाली घातली. "झाले दहा-बारा दिवस."

"म्हणजे मी मेलो की काय? आधी सांगायचं होतंस, तिरडी बांधून ठेवली असती!"

"भावोजी, ओरडू नका, ऐका. पित्त जेवण बघून येतं. तुमचं काम बघून येतं. उपाशी असलात तरी येतं, जेवलात तरी येतं. करवत थांबली की गोळीशिवाय जातं. पित्त काय रोजंदारीवर लागलंय?"

भावोजी हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे गंभीर झाले.

"मग काय आहे?"

"मला काय ठाऊक? मी लाकूड कापतो. पण पित्त नाही, एवढं नक्की."

"डॉक्टर करवत सोडायला सांगेल."

"सांगेल कदाचित."

"करवत सोडून मी काय घरी बसून भांडी घासू?"

"आणि उद्या इथे भुशात पडलात तर ताईला जाऊन मी काय सांगू? पित्त होतं म्हणून?"

मेव्हण्याने आपल्या बाजूच्या मुठीचा खिळा ठोकून काढला, मूठ सोडवली आणि बगलेत मारली. "ओढा आता एकटे," तो म्हणाला आणि फाटकाकडे चालू लागला. थोड्या वेळाने मागून चपला फरफटल्याचा आवाज आला.

दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता, तोही चढावर. वाटेत भावोजी एका दुकानासमोर उभे राहिले आणि काचेआडच्या बायकांच्या चपला निरखू लागले. मेव्हण्यानेही शेजारी उभं राहून त्या निरखल्या. भावोजींचा श्वास जागेवर आल्यावर दोघे निघाले. पुढे शिवणाच्या यंत्रांचं दुकान लागलं, तेही त्यांनी मन लावून बघितलं.

डॉक्टरीण बाईंनी नाडीवर बोटं ठेवली. "गळ्यात जळजळ कधी होते? कशाने वाढते? किती वेळ राहते?"

भावोजींनी तोंड उघडलं. सवयीची थाप ओठांवर आली असावी. ती त्यांनी गिळली आणि दाराशी उभ्या असलेल्या मेव्हण्याकडे बोट केलं.

"त्याला विचारा," ते म्हणाले. "समोरच्या टोकाला तो असतो."