नाशिकला जाणारी जोडी

गोल्फच्या अठरापैकी सतरा होल खेळून झाले होते. आभा आणि राजस नऊ गुणांनी मागे होते, आणि समोर हेतल देवेशच्या टोपीवरची काडी काढत होती. एक काडी काढायला एवढा वेळ लागत नाही.

देवेश आभाचा नवरा, राजस हेतलचा. दोघेही तळोज्याच्या एकाच कंपनीत, चौघेही कामोठ्यात एकाच मजल्यावर. जोड्या महिन्यापूर्वी देवेशनेच पाडल्या होत्या. नवरा-बायको एका जोडीत नकोत, घरचं भांडण मैदानावर येतं, असं त्याचं म्हणणं. राजसने मान डोलावली. तो कशालाही मान डोलवायचा.

तेव्हापासून आभाच्या अंगाचा तिळपापड होत होता. वर्षभरापूर्वी हेतल शेजारी राहायला आली तेव्हा गोल्फची काठी कुठल्या टोकाला धरायची हेही तिला ठाऊक नव्हतं. देवेशने तिला शिकवलं, मागे उभं राहून, मनगट धरून. आभाला शिकवायची वेळ आली तेव्हा त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता.

आणि आज कंपनीच्या स्पर्धेतला शेवटचा सामना होता. जिंकेल ती जोडी पुढच्या आठवड्यात तीन दिवस नाशिकला, मोठ्या स्पर्धेला. देवेश आणि हेतल तीन दिवस नाशिकला! या एका विचाराने आभाची झोप उडाली होती. महिनाभर रोज सकाळी, देवेश कामावर गेला की ती रिक्षाने खारघरच्या या मैदानावर येऊन गुपचूप सराव करत होती. घरी मात्र योगाच्या क्लासला जाते म्हणून सांगितलं होतं.

खेळ तसा सोपा. प्रत्येक होलला जोडीतल्या दोघांचे फटके मोजायचे आणि शेजारी शेजारी मांडायचे, लहान आकडा आधी. एकाचे चार, दुसऱ्याचे सहा, तर सेहेचाळीस. ज्यांची संख्या लहान, त्यांना फरकाइतके गुण. पण एखाद्याने नेमून दिलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी घेतला, म्हणजे बर्डी मारली, की समोरच्यांचे आकडे उलटे होतात. सेहेचाळीसचे चौसष्ट.

शेवटचा होल तीन फटक्यांचा होता. हेतलने पाच घेतले आणि दरवेळी “देव, सॉरी हं,” म्हणत हसली. देव! आभाने काठीची मूठ आवळली. राजसने चार घेतले आणि घाम पुसला.

देवेशचा चेंडू पहिल्याच फटक्यात खळग्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला होता. आता तो घातला की संपलं. त्याने हलकेच टोला मारला आणि चेंडू खळग्याच्या कडेने पुढे निघून गेला. मग तिसऱ्या फटक्यात गेला. आज त्याचे असे बरेच सोपे फटके हुकले होते. हेतल शेजारी असल्यावर लक्ष कुठून लागणार, आभाला वाटलं, आणि तिला आणखीच जळफळायला झालं.

त्यांचे झाले पस्तीस. आभाचा चेंडू पहिल्या फटक्यानंतर खळग्यापासून सहा पावलांवर होता. याच फटक्यात गेला तर तिची बर्डी. यांचे चोवीस, त्यांच्या पस्तीसचे त्रेपन्न, म्हणजे एकोणतीस गुणांची कमाई. हुकला तर एका गुणाची कमाई आणि नाशिकला ती दोघं.

ती काठी घेऊन चेंडूपाशी उभी राहिली. तेवढ्यात देवेश जवळ आला, वाकून उतार न्याहाळला आणि हळूच म्हणाला, “डावीकडे वीतभर धर. आणि घाबरू नकोस.”

समोरच्या जोडीतल्याने असं सांगणं नियमात बसत नव्हतं. आभाने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता, तिच्यापेक्षा जास्त. तिचे डोळे एकदम भरून आले. महिनाभर आपण काय काय मनात आणलं! नवरा शेवटी आपलाच.

तिने डावीकडे वीतभर धरलं. चेंडू वळण घेत गेला आणि खळग्यात पडला.

मागचे नऊ भरून काढून ते वीस गुणांनी जिंकले. राजस जागच्या जागी उडी मारून ओरडला. आभाने आधी हेतलचा चेहरा पाहिला. तो उतरलेला पाहायला ती महिनाभर आसुसली होती. पण हेतल तर धावत आली आणि तिने आभाला मिठीच मारली. आभाला स्वतःची लाज वाटली. एवढ्या मोकळ्या मनाच्या बाईला आपण पाण्यात पाहत होतो.

“सॉरी गं,” ती म्हणाली, “तुमचं नाशिक हुकलं.”

“सॉरी कसली? तू आणि राजस अगदी निवांत जा,” हेतल तिच्या कानाशी म्हणाली. “देवेशच्या जेवणाखाण्याचं मी बघते. कालच ठरलंय आमचं.”