मान वर न करणारा बाप

रंजितानं ‘कट’ म्हटलं आणि बांधावर उभ्या असलेल्या तिच्या वडिलांनी पुन्हा नकारार्थी मान हलवली.

सकाळपासूनची ही तिसरी वेळ. जगनबाबांना तिनंच आणलं होतं, कारण मीठ कसं ओढतात हे बापाचं काम करायला मुंबईहून आलेल्या कमळाकरला शिकवणारं दुसरं कोणी सापडेना. बाबांची तीस वर्षं या खाडीकडच्या मिठागरात गेली होती. आता ते सुकापूरला सहाव्या मजल्यावर राहतात आणि लिफ्ट असूनही जिना चढतात. शिकवून झालं की सावलीत बसतील, चहा घेतील, असं तिला वाटलं होतं. पण बाबा बसायलाच तयार नव्हते.

शूटिंगचा शेवटचा दिवस होता आणि सिनेमाचाही शेवटचाच प्रसंग. मुलगी सिनेमा शिकायला पुण्याला निघाली आहे. बॅग घेऊन ती बापासमोरच्या बांधावरून जाते. बाप वाफ्यातल्या पाण्यात उभा राहून लाकडी फावड्यानं मीठ ओढतो आहे. ती दोनदा थांबते. तो मान वर करत नाही. संपला सिनेमा.

हा प्रसंग रंजितानं मनानं रचलेला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी याच बांधावरून ती गेली होती आणि दोनदा थांबलीही होती. बापाची मान खाली ती खालीच. गावात कोणाची मुलगी तोवर अशी एकटी बाहेर पडली नव्हती. आदल्या दिवशी चुलत्यांनी तमाशा केला, तेव्हा बाबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. निदान जाताना एकदा बघतील, एवढीच तिची आशा होती.

सिनेमात पैसे घालणारे हरेशशेठ पनवेलचे बिल्डर. माणूस भला, पण त्यांचा एकच हट्ट होता: शेवटी बापानं धावत जाऊन मुलीला मिठी मारायची. हल्ली सगळ्या सिनेमांत मारतात म्हणे. रंजितानं त्यांना समोर बसवून सरळ सांगितलं होतं की हल्लीच्या सिनेमांतले बाप मुलींबरोबर कॉफी पितात, त्यांचं प्रेम मोडलं की स्वतःच रडतात, फार गोड असतात. माझा बाप तसा नव्हता. असेही बाप असतात आणि त्यांच्याही मुली मोठ्या होतात. हरेशशेठनी हट्ट सोडला. या प्रसंगावर आपला सिनेमा तरून जाणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. राग केव्हाच गेला होता. दुखणं मात्र तिनं जपून ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते सोडायचंही नव्हतं.

“अर्ध्या तासात वारा सुटेल,” कॅमेऱ्यामागून परेश म्हणाला. मग पाण्यावर लाटा उठतील, आधीच्या शॉटशी काही जुळणार नाही. म्हणजे आता एकच संधी.

रंजिता बाबांकडे गेली. गोष्ट काय आहे हे तिनं त्यांना आधी सांगितलं नव्हतं, ते त्यांना आत्ता बघूनच कळलं असणार. वाईट वाटलं असेल तर वाटू दे, आपण बदलायचं नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं. आवाज खाली ठेवून ती म्हणाली की बाबा, तुम्हाला आवडलं नाही हे दिसतंय मला, पण हे झालंय.

“झालं ना,” जगनबाबा म्हणाले. “पन असं नाय झालं. याचा हात चालू हाय. माजा हात थांबला होता.”

रंजिताला आठवलं. हात थांबलाच होता. ती बांधावर आली आणि फावडं जागच्या जागी थबकलं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. जास्त लागलं होतं ते तेच. काम थांबवून हा माणूस उभा राहिला, तरी मान वर करायला तयार नाही. सिनेमा लिहिताना तिनं ते बदललं आणि बापाला कामाला जुंपलं, म्हणजे कामात होता असं तरी लोक म्हणतील. तिनं त्यांना सांभाळूनच घेतलं होतं.

“काम नव्हतं, तरी तुम्ही बघितलं नाहीत,” ती म्हणाली. हे तिला बोलायचं नव्हतं. अकरा वर्षं बोलली नव्हती.

जगनबाबांनी चपला काढल्या. वाफ्यात उतरून त्यांनी कमळाकरच्या हातातलं फावडं घेतलं, अकरा वर्षांपूर्वी उभे होते तसे मान खाली घालून उभे राहिले आणि मुलीचं काम करणाऱ्या रुचिराला बॅग घेऊन बांधावरून चालायला सांगितलं. मग रंजिताला हाक मारली, “हिकडं ये, बाय. माज्या बाजूला उभी ऱ्हा. मान खाली घाल.”

रंजिता बूट न काढताच पाण्यात उतरली. त्यांच्या पायांनी डहुळलेलं पाणी थोडा वेळ हलत राहिलं, मग हळूहळू निवांत झालं. तिनं मान खाली घातली. समोरच्या पाण्यात बांध उलटा दिसत होता आणि त्या बांधावरून रुचिरा चालली होती. बॅगेचा पट्टा दिसत होता, कपाळावरची बट दिसत होती. रुचिरा थांबली, तशी पाण्यातली मुलगीही थांबली आणि बापाकडे बघू लागली.

जगनबाबांनी मान वर केली नाही.

“वर बगितलं असतं तर तू गेली नसतीस,” ते म्हणाले. “आनि हात हलवला असता, तर मला दिसली नसतीस.”