हातावर तुरी

कल्याणात प्लेगची घरझडती चालू होती आणि त्र्यंबकमास्तर शाळेसाठी इंग्रजी क्रियापदांची वही लिहीत बसले होते. ‘इल्यूड’ या शब्दापुढे त्यांनी अर्थ लिहिले: निसटणे, गुंगारा देणे, हातावर तुरी देणे. उदाहरणाचं वाक्य तेवढं सुचेना.

तेवढ्यात गोरा डॉक्टर शिपायांना घेऊन दारात उभा राहिला. “घरात कोणी आजारी?”

मास्तरांची आई आत देवघरात तापानं फणफणत होती. काखेत गाठ आली होती. पण मास्तरांचं इंग्रजी म्हणजे काय विचारता! “कोणी नाही, साहेब. आई सोवळ्यानं पूजेला बसली आहे. परक्याची सावली पडली तर तिला पुन्हा आंघोळ करावी लागेल.” साहेबानं टोपी काढून माफी मागितली आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरला.

“इस्पितळात नेऊन सासूबाईंना बाटवलं असतं मेल्यांनी! बरं बनवलंत,” असं म्हणत यमुनाबाई सासूच्या उशाशी जाऊन बसल्या. त्यांच्या कडेवरची दुर्गी आजीला बिलगली. मास्तरांनी हसत हसत वाक्य लिहून टाकलं: ‘आम्ही डॉक्टरच्या हातावर तुरी दिल्या.’

पंधरा दिवसांनी तोच डॉक्टर पुन्हा आला. मधल्या दिवसांत तीनदा स्मशानात जाऊन आलेले मास्तर ओसरीवर एकटेच बसले होते.

“घरात कोणी आजारी?”

“कोणी नाही, साहेब,” मास्तर म्हणाले, आणि उठून त्यांनी स्वतःच देवघराचं दार सताड उघडून दिलं.