कात्रणांची वही

शारदाबाईंनी वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली. एकदा वाचून त्यांचा विश्वास बसला नव्हता.

समोर श्रीकांत उभा होता, शाबासकीची वाट बघत. सतरा वर्षांचा, कोल्हापूरचा. दोन हंगाम तो बंगळूरच्या एका क्लबातून ज्युनियर लीगचं फुटबॉल खेळत होता आणि क्लबाच्या आणखी पाच परगावच्या पोरांबरोबर चामराजपेटेत शारदाबाईंच्या खानावळीच्या माडीवर राहत होता. वहीत कन्नड पेपरातली कात्रणं चिकटवलेली होती. त्याला कन्नड वाचता येत नव्हतं. एका कारखान्याच्या संघात खेळाडूंची भरती निघाली होती. पक्की नोकरी, अर्जाला उद्याचा शेवटचा दिवस. कात्रणांत काय छापलंय ते अर्जात लिहायचं होतं, म्हणून आज पहिल्यांदाच त्यानं वही ट्रंकेतून काढून खाली आणली होती.

"किती गोल लिवलेत अक्का? मी एकवीस मारलेत."

"एकवीसच आहेत," शारदाबाई म्हणाल्या. "पण तुझं नाव कुठंच नाही रे. सगळीकडे सुनीलकुमार आहे."

श्रीकांत हसला. "असं कसं? ह्यो फोटो तर माझाच हाय."

फोटो त्याचाच होता. खाली छापलं होतं, सुनीलकुमार.

सुनीलकुमार म्हणजे क्लबाचे सेक्रेटरी रविकुमार यांचा भाचा. दोन हंगाम त्यानं बाकावर बसून संत्री सोलली. पण दर सोमवारी पेपर मात्र तोच आणून द्यायचा. ओळीवर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "हे बघ, तुझं नाव." श्रीकांत तेवढं कापून ठेवायचा, त्याची झेरॉक्स आईला धाडायचा. आईनं ती देव्हाऱ्यात ठेवली होती. मैदानावर तरी नाव कानावर पडावं, तर तिथं लोक त्याला 'हत्तू' म्हणत. हत्तू म्हणजे दहा, त्याच्या पाठीवरचा नंबर. कोच म्हणायचा, "ए कोल्हापूर." अख्ख्या शहरात त्याला श्रीकांत म्हणणाऱ्या एकट्या शारदाबाई. आणि त्यांनी दोन वर्षं त्याला पोटभर वाढलं, पण पेपरात काय आलंय ते दाखव बघू, असं एकदाही म्हटलं नाही. त्यांना आधी स्वतःचा राग आला. मग त्या पायात चपला घालून, वही आणि श्रीकांतला घेऊन निघाल्या.

रविकुमारांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. घराणं मराठीच, चार पिढ्या इथं मुरलेलं. कोल्हापुरात श्रीकांतच्या आईला ते याच मराठीत म्हणाले होते, "आपल्याच माणसाकडे पाठवताय, वहिनी."

आता ते झोपाळ्यावर बसून कॉफी पीत होते. वही बघूनही त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"ज्युनियर लीगला बाहेरगावचं पोर चालत नाही. नियम आहे. इथल्या नावावर खेळवलं म्हणून तर तुला मैदान बघायला मिळालं."

"अण्णा, मी खेळलो एवढं एक पत्र तरी द्या," श्रीकांत म्हणाला. "उद्या नोकरीचा अर्ज द्यायचाय."

"कसलं पत्र? श्रीकांत नावाचं कुणी आमच्याकडे खेळलंच नाही. आणि त्या कारखान्यात सुनीलचा अर्ज गेला की कालच."

"म्हणजे गोल यानं मारायचे आणि नोकरी तुमच्या भाच्यानं करायची?" शारदाबाईंनी विचारलं.

"अक्का, तुम्ही स्वल्प गप्प बसा. हा पोरगा खाल्ल्या घरचे वासे मोजतोय."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. शारदाबाई झोपाळ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "जेवतो तो माझ्या घरी," त्या म्हणाल्या. "माझे वासे मोजू दे त्याला हवे तेवढे."

श्रीकांतनं टीपॉयवरची वही उचलली. एवढा वेळ तो जमिनीकडे बघत होता, आता त्यानं मान वर केली.

"मग शनिवारच्या फायनलला सुनीललाच उतरवा, अण्णा. नाव त्याचंच हाय."

रविकुमारांनी कॉफीचा शेवटचा घोट घेतला. "सरी, ठीक आहे. तू जा गावाला. तुझ्यावाचून अडत नाही. अक्कांच्या माडीवर अजून पाच आहेत तुझ्यासारखे."

दोघं परत निघाले. त्या माणसाचं खरंच अडणार नव्हतं आणि ते दोघांनाही कळत होतं.

खानावळीत जेवणाची वेळ झाली होती, पण पाटावर कुणीच बसलेलं नव्हतं. सकाळचं बोलणं माडीवर ऐकू गेलं होतं. जिन्यावर पाचही पोरं एकाखाली एक उभी होती, दोन मणिपूरची, तीन केरळची. कुणाच्या हातात वही होती, कुणाच्या हातात उशीखाली ठेवून मऊ पडलेलं एकच कात्रण.

सगळ्यात खालच्या पायरीवरच्या पोरानं आपला कागद पुढे केला. "अक्का, मेरा भी पढ़ दो."

शारदाबाईंनी चष्मा पुसला आणि वाचलं. मग दुसऱ्याचं वाचलं. पाचव्याचंही वाचून झालं, पण एकातही ज्याचं त्याचं नाव नव्हतं. त्यांनी सगळं नीट ज्याचं त्याला परत दिलं.

"शनिवारी दुपारी फायनल आहे ना," त्या म्हणाल्या, "त्या वेळेला सहाही जण इथं पाटावर बसायचं. मी पुरणाच्या होळिगे करते."